गावाच्या वेशीपासून देवलोकापर्यंत : स्वतःच्या कल्पित जगासाठी देवता कशा रचाव्यात

टेबलाभोवती चार खेळाडू बसलेले असतात, कथेतली होडी खाडीच्या मुखाशी भोवऱ्यात सापडलेली असते, आणि नावाड्याची भूमिका करणारा खेळाडू म्हणतो, "मी देवाचं नाव घेतो आणि वल्हं मारतो." खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, म्हणजे डीएमने, अशा वेळी विचारावा असा प्रश्न एकच आहे : कोणत्या देवाचे? खेळाडूच्या ओठांवर ते नाव आपोआप आले आणि पाठोपाठ "या वर्षीचं मीठ तिला द्यायचं राहिलं होतं" हेही त्याला आठवले, तर त्या जगातला देव कामाला आला असे समजावे. उलट नाव शोधण्यासाठी त्याला तुम्ही दिलेली पाने चाळावी लागली, तर त्या पानांवर लिहिलेली सृष्टीच्या उत्पत्तीची कथा कितीही सुंदर असली तरी खेळात तिचा उपयोग झालेला नाही.

रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन मिळून कथा रचण्याच्या अशा खेळात, देवतांचा प्रश्न अगदी पहिल्या दिवसापासून आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली आला तेव्हा त्यात पात्रांचे मूळ तीनच वर्ग होते, आणि योद्धा व जादूगार यांच्या जोडीला तिसरा होता क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारा. त्यामुळे स्वतःचे जग रचणाऱ्या नवख्या डीएमला पहिल्या सेशनच्या, म्हणजे खेळाच्या बैठकीच्या, आधीच कोणीतरी विचारते की माझा क्लेरिक कोणाची भक्ती करतो. या घाईत बहुतेक जण वरून खाली येतात : आधी सृष्टीकर्ता, मग त्याची मुले, मग युद्धाचा एक, समुद्राचा एक, मृत्यूचा एक अशी खातेवाटणी. माझा आग्रह याच्या उलट आहे. देवता खालून वर रचाव्यात, एका गावाच्या भीतीपासून आणि गरजेपासून, आणि देवलोकाची रचना त्या गावांच्या आपसांतल्या संबंधांतून हळूहळू वर येऊ द्यावी. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत, आणि उदाहरणासाठी मी 'मिठवेळ' नावाचे एक कल्पित गाव सोबत घेतले आहे.

सुरुवातीपूर्वीचे बोलणे

जग रचण्याआधी खेळाडूंशी एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावे. आपल्याकडे खेळायला बसणाऱ्यांच्या घरात बहुधा देवघर असते, कोणाच्या घरी नमाज असते, कोणाकडे रविवारची मिस्सा असते, आणि कोणी निरीश्वरवादीही असतो. पशुबळी, अंगात येणे, पुजाऱ्याचा भ्रष्टपणा, मंदिराची लूट, जातीवरून देवळात प्रवेश नाकारणे यांपैकी कोणते विषय टेबलावर चालतील आणि कोणते अजिबात नकोत हे पहिल्या सेशनच्या आधी स्पष्ट विचारावे आणि मिळालेले उत्तर पाळावे.

आज ज्यांची पूजा चालते त्या देवतांना पात्र म्हणून खेळात आणू नये, असे माझे ठाम मत आहे. 1980 साली याच खेळाच्या देवतांवरील अधिकृत पुस्तकात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर भारतीय देवतांनाही हिट पॉइंट (किती मार सोसेल) आणि आर्मर क्लास (वार लागणे किती अवघड) दिलेले होते. असे आकडे दिले की देव हा ठार मारण्याजोगा एक मोठा राक्षस होऊन बसतो, हा त्यातला खेळाच्या दृष्टीने दोष; आणि कोणाच्या तरी आजीच्या कुलदैवताला तलवारीसमोर उभे करणे हा माणसांच्या दृष्टीने त्याहून मोठा दोष. आपल्या परंपरेतून देव उचलू नयेत. देव आणि गाव यांच्यातले व्यवहार कसे चालतात हे मात्र तिच्याकडून जरूर शिकावे, कारण त्या बाबतीत मराठी मुलखातल्या माणसाइतकी समृद्ध शिदोरी फार थोड्यांकडे असते.

पहिली पायरी : गाव कशाला घाबरते ते लिहा

प्राचीन रोमनांचा रोबिगस नावाचा एक देव होता. त्याचे काम एवढेच की गव्हावर तांबेरा पडू नये. दरवर्षी 25 एप्रिलला त्याचा सण असे आणि त्याला कुत्र्याचा बळी दिला जाई. जगज्जेत्या साम्राज्याला पिकावरच्या एका रोगासाठी स्वतंत्र देव लागतो, ही गोष्ट नवख्या रचनाकाराने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे विहिरीच्या आणि नदीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा. खोल पाण्याची भीती आणि त्या पाण्याशिवाय न चालणारे जगणे या दोन्हींना तिथे एकच ठिकाण मिळाले आहे. पटकीची साथ आली की लोक मरीआईकडे धावत. मूल जन्मले की सटवाई रात्री येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. यांतली कोणतीही देवता आधी 'जलदेवता' किंवा 'आरोग्यदेवता' असा विभाग ठरवून मग निर्माण झाल्यासारखी वाटत नाही. आधी विहीर होती, आधी साथ होती, आधी बाळंतिणीची खोली होती.

म्हणून एक कोरा कागद घ्यावा आणि ज्या गावात कथा सुरू होणार आहे तिथले लोक कशावर जगतात आणि रात्री कशाच्या विचाराने जागे राहतात हे लिहावे. मिठवेळ खाडीच्या मुखाशी आहे. लोक मिठागरे पिकवतात आणि तरीवर माणसे उतरवतात. अवकाळी पाऊस आला तर वाफ्यातले मीठ एका रात्रीत विरघळते. भरतीचे पाणी बांध फोडून आत शिरते. ओहोटीला निघालेली होडी कधी परत येत नाही. पावसाळ्यानंतर डबक्यांवर डास माजतात आणि अर्धे गाव हिवतापाने थंडीने कुडकुडत पडते. वरच्या डोंगरातले मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन खाली उतरतात आणि गोड्या पाण्याच्या एकमेव तळ्यावरून दरवर्षी भांडण होते.

एवढ्यातून तीन देवता पुरेशा आहेत. ओहोटीची ओसराई, जी पाणी मागे नेते आणि पाण्याबरोबर कधी माणसेही नेते. दलदलीच्या कडेला राहणारी हिवाई, जिचा ताप अंगात येतो. आणि मेंढपाळांचा कडोबा, जो मिठवेळचा नाहीच, पण वर्षातले तीन महिने गावात मुक्कामाला असतो. सृष्टी कोणी निर्माण केली, हा प्रश्न या गावात अजून कोणी विचारलेला नाही आणि तुम्हीही तो पुढे ढकलावा.

दुसरी पायरी : देणे, घेणे आणि मोडलेला शब्द

देवता म्हणजे एक करार आहे असे समजून तिच्याविषयी तीन वाक्ये लिहावीत : लोक तिच्याकडे काय मागतात, त्या बदल्यात काय देतात, आणि दिले नाही तर काय होते असे ते मानतात. नवस बोलणे, नवस फेडणे आणि नवस चुकणे हे आपल्या भाषेतले शब्दच या पायरीचा पूर्ण नमुना आहेत.

ओसराईकडे लोक होडी परत मागतात. हंगामातले पहिले टोपलेभर मीठ, ज्याला बाजारात सगळ्यांत चांगला भाव मिळतो, ते खाडीत परत सोडायचे हे देणे. न सोडल्यास ती "मोजून घेते", असे गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात. किती मोजते ते कोणी सांगत नाही. या तीन वाक्यांत कथा आधीच बसलेली आहे : एखाद्या गरीब घराने पहिले टोपले सावकाराला दिले, पुढच्याच आठवड्यात त्यांचा मुलगा बुडाला, आणि आता गाव सावकाराला दोष देते की त्या घराला, हे खेळाडूंनी ठरवायचे आहे.

देणे नेहमी महाग असावे, पण सोन्यानाण्याच्या अर्थाने नव्हे. ज्या गोष्टीचा त्या माणसाला खरोखर तोटा वाटेल तीच गोष्ट मागावी. खेळाडूच्या पात्राकडून शंभर सुवर्णमुद्रा मागितल्या तर तो वहीतला आकडा कमी करतो आणि पुढे जातो. एक रात्र न झोपता बांधावर उभे राहण्याचे व्रत मागितले, आणि त्याच रात्री शत्रू येणार असला, तर भक्ती हा निर्णय होतो.

तिसरी पायरी : देवाच्या वतीने बोलतो कोण

बहुतेक घरगुती जगांत देव माणसांसारखे स्वप्नात येतात आणि सविस्तर सूचना देतात. त्यामुळे रहस्य संपते, आणि डीएमचाच आवाज देवाच्या तोंडून आल्यामुळे खेळाडूंना आज्ञा पाळण्याखेरीज मार्ग उरत नाही. देवाचे बोलणे नेहमी कोणत्या तरी अपुऱ्या साधनातून यावे, हा माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत उपयोगी नियम आहे.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतो, गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालतो आणि सगळे जण वाट पाहत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या पद्धतीत नाट्याची सगळी सामग्री आहे. प्रश्न हो किंवा नाही असाच विचारावा लागतो, म्हणून तो कसा विचारायचा यावरच आधी वाद होतो. उत्तराला वेळ लागतो. उत्तर सर्वांसमोर मिळते, म्हणून ते नंतर नाकारता येत नाही. आणि मूर्ती व माणूस यांच्यामध्ये एक गुरव उभा असतो, ज्याचे स्वतःचे घर, शेत आणि वैर त्याच गावात असते.

हेच खेळात दोन सहा-बाजूंच्या फाशांनी करता येते. एक फासा उजव्या कळीचा, दुसरा डाव्या कळीचा. उजवा मोठा आला तर होकार, डावा मोठा आला तर नकार, दोन्ही सारखे आले तर कळ्या पडतच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाऱ्हाणे घालावे लागते. 36 पैकी 6 वेळा असे मौन मिळेल. त्या प्रश्नावर देवतेचे खरोखर काही मत आहे असे तुम्ही आधी मनाशी ठरवले असेल, तर त्या बाजूच्या फाशात गुपचूप 2 मिळवा. मग 36 पैकी 26 वेळा कौल तिच्या मनासारखा लागेल, 4 वेळा ती गप्प राहील, आणि 6 वेळा कौल उलटा लागेल. या उलट्या 6 वेळा फार मोलाच्या आहेत, कारण पुढे जेव्हा गोष्टी बिघडतात तेव्हा गुरवाने कळी सैल लावली, प्रश्न चुकीचा विचारला, की देवीने मुद्दाम फसवले, याचा निवाडा खेळाडूंना करावा लागतो. खरे उत्तर डीएमने कधीच सांगू नये.

प्रत्येक देवतेला कौलच हवा असे नाही. मिठवेळची हिवाई कौल देत नाही. ती तापाच्या भरात बडबडणाऱ्या रुग्णाच्या तोंडून बोलते, आणि तिची सेवेकरीण त्यातले कोणते शब्द देवीचे आणि कोणते तापाचे ते सांगते. कडोबा मेंढरांच्या चालीतून बोलतो. तीन देवता, बोलण्याची तीन साधने, आणि प्रत्येक साधनाची चुकण्याची रीत वेगळी. फाशांचा नियम फक्त कौलाला ठेवावा. उरलेल्या दोघांच्या बाबतीत सेवेकरणीचे आणि मेंढपाळांच्या मुख्याचे म्हणणे तुम्ही पात्र म्हणून बोलावे.

चौथी पायरी : जागा आणि दिवस

देवता नकाशावर असली पाहिजे आणि पंचांगातही. सह्याद्रीतल्या देवराया हे जागेचे उत्तम उदाहरण आहे : देवाच्या नावाने राखलेले रान, जिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक. तुमच्या जगातल्या एखाद्या डोंगरावर असे रान ठेवले आणि त्याच्या मधोमध खेळाडूंना हवी असलेली वनस्पती ठेवली, की तुम्हाला भुयार, सापळे आणि राक्षस यांची गरज पडत नाही. ती वनस्पती घेणे शक्य आहे, कोणी पाहतही नाही, आणि तरीही खेळाडू वीस मिनिटे वाद घालतील.

दिवस म्हटले की मला वारी आठवते. आळंदीहून ज्ञानेश्वरांची आणि देहूहून तुकारामांची पालखी निघते आणि आषाढ शुद्ध एकादशीसाठी पंढरपुरी पोचते. आळंदीची वाट सुमारे 250 किलोमीटरची आहे आणि मुक्काम, विसावे, रिंगणाच्या जागा ठरलेल्या असतात. जगरचनेच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे हे, की सण म्हणजे देवळातला एक दिवस नसून आठवडेच्या आठवडे रस्ता, बाजार, पाणी, अन्न आणि माणसांच्या ओळखी यांची फेरमांडणी असते. तुमच्या राज्यात अशी एक यात्रा असली की त्या काळात रस्त्यावर सैन्य हलवता येत नाही, हेराला गर्दीत लपता येते, आणि एरवी एका पंगतीला न बसणारे लोक तीन आठवडे एकत्र चालतात. एका वर्षाला दोन मोठे आणि चार लहान सण पुरतात. त्यांतला एक पहिल्या सेशनच्या तोंडावर ठेवावा.

पाचवी पायरी : नावे

नावांसाठी फार वेळ घालवू नये, पण एक गोष्ट मराठीत खेळणाऱ्यांना विनासायास साधता येते. आपल्या कानाला यमाई, सटवाई, जोतिबा, बिरोबा ही नावे जवळची वाटतात, कारण त्यांच्या शेवटी आई किंवा बाप उभा असतो. आणि संस्कृत समासाचे नाव राजवाड्यातून आल्यासारखे वाटते. म्हणून गावच्या देवतांना ओसराई, हिवाई, कडोबा अशी देशी घडणीची नावे द्यावीत आणि साम्राज्याच्या देवाला तत्सम नाव द्यावे. मिठवेळवर ज्यांचे राज्य आहे त्या अर्चिष्मती नगरीचा देव 'सहस्रदीप' आहे. ही दोन प्रकारची नावे नुसती ऐकली तरी खेळाडूला कोण सत्तेत आहे हे कळते, एक शब्दही न समजावता. मेंढपाळ त्याला 'दिवोबा' म्हणतात, आणि त्यावर राजधानीचा अधिकारी चिडतो, हेही त्याच ओघात सुचून जाते.

सहावी पायरी : देवांचे नातेसंबंध म्हणजे माणसांचा इतिहास

आता कुठे देवलोकाकडे वळावे. देवांची लग्ने, भांडणे आणि भाऊबंदकी यांची कथा सांगताना प्रत्येक वेळी विचारावे की खाली कोणते दोन समाज एकत्र आले किंवा तुटले.

जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची. एका देवाच्या दोन बायकांच्या भांडणाची गाणी वाघ्या-मुरळी गातात तेव्हा त्यांत बाजारपेठ आणि मेंढवाडा यांचे जुने नाते ऐकू येते, आणि दोन्ही समाजांना देव आपला जावई वाटतो. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या उगमामागे गवळी-धनगरांच्या पशुपालक देवाची परंपरा शोधली. एका देवात अनेक थर साचलेले असतात आणि कोणताही थर पुसला जात नाही. असा थरांचा देव तुम्ही एकदम रचू शकत नाही, पण त्याच्या दोन कथा परस्परांशी न जुळणाऱ्या ठेवू शकता आणि दोन्ही गावांत दोन्ही खऱ्या मानल्या जाऊ देऊ शकता.

राजकारणाने देव मोठे होतात. मार्दुक हा आधी बाबिलोन या एका शहराचा देव होता. शहराची सत्ता वाढत गेली तसा तो मेसोपोटेमियाच्या देवांचा राजा झाला, आणि त्याने समुद्ररूपी तिआमातला मारून विश्व घडवले ही कथा त्याच्या या थोरवीचे समर्थन करते. सृष्टीच्या उत्पत्तीची कथा शेवटी लिहावी असे मी म्हणतो ते यासाठीच : ती कोणाच्या फायद्याची आहे हे ठरल्याशिवाय ती लिहिता येत नाही. एलामच्या लोकांनी मार्दुकाची मूर्ती पळवून नेली होती आणि पहिल्या नेबुकद्नेझर राजाने ती परत आणली, तो विजय बाबिलोनने पिढ्यान्‌पिढ्या मिरवला. रोमन लोक तर वेढा घातलेल्या शहराच्या देवतेलाच आमंत्रण देत की आमच्याकडे या, तुम्हाला मोठे देऊळ बांधू, इ. स. पू. 396 मध्ये वेई शहर पडले तेव्हा तिथली जूनो अशीच रोमला आणली गेली, असे रोमन इतिहासकार सांगतात.

आणि देव विस्थापितही होतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने गोव्यातली देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी रात्रीबेरात्री आपल्या देवता नदीपार नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 साली फोंड्याच्या बाजूला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. मूळ गावांची नावे त्या कुळांच्या आठवणीत अजून आहेत. एखाद्या कल्पित जगाला खोली द्यायची असेल तर याहून चांगला धागा मला माहीत नाही : एक देऊळ, ज्यातली देवी इथली नाही, तिचे रिकामे स्थान नदीपलीकडे आहे, आणि तिथे आता दुसरे कोणी राहते.

मिठवेळच्या बाबतीत मी असे करीन. तीस वर्षांपूर्वी अर्चिष्मतीच्या अधिकाऱ्यांनी गोड्या तळ्यावर सहस्रदीपाचे दगडी देऊळ बांधले आणि ओसराई ही सहस्रदीपाची धाकटी बहीण आहे असे जाहीर केले. आता पहिले टोपलेभर मीठ खाडीत न जाता भावाच्या देवळात, म्हणजे सरकारी कोठारात जाते. गावातल्या तरुणांना ही कथा खरी वाटते, कारण ते तीच ऐकत मोठे झाले. म्हाताऱ्या अजून रात्री दुसरे टोपले खाडीत सोडतात. कडोबाचे मेंढपाळ म्हणतात की ओसराई आमच्या देवाची बायको, आणि तळे तिच्या माहेरचे आंदण. तीन कथा, एक तळे, आणि त्या तळ्यावर पाणी प्यायला सगळ्यांनाच यायचे आहे.

सातवी पायरी : संख्या आणि थर

किती देव असावेत याचे मला सुचणारे उत्तर असे : घराचा एक, गावाच्या दोन-तीन, राज्याचा एक, आणि परक्याचा एक. उंबऱ्यापाशी ज्याला घासातला घास काढून ठेवतात तो, वेशीवर जिची ओटी भरतात ती, नाण्यावर ज्याचे चिन्ह असते तो. खेळाडू नवीन प्रदेशात गेले की तिथल्या दोन देवता वाढवाव्यात. वर्षभरात बारा-पंधरा नावे होतील आणि ती सगळी खेळाडूंना पाठ असतील, कारण प्रत्येक नावाशी त्यांचा कुठे ना कुठे व्यवहार झालेला असेल.

दुष्ट देवाविषयी थोडे. ज्याची पूजा केल्याने कोणाचेच भले होत नाही अशा देवाचे देऊळ कोण बांधील, हे आधी सांगता आले पाहिजे. पटकी आणणारी आणि पटकी थांबवणारी मरीआई एकच असते. साथ आली की तिचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडण्याची रीत होती. लोक तिला भितात, विनवतात आणि आईही म्हणतात. हिवाई तशीच रचावी. मग एके वर्षी मिठवेळने तिचा गाडा वेशीबाहेर सोडला आणि तो शेजारच्या गावाच्या हद्दीत गेला, तर त्या गावचे लोक काठ्या घेऊन येतील, आणि खेळाडूंना दोन्ही बाजूंचे म्हणणे पटेल.

आठवी पायरी : नियमांशी जोड

ही पायरी सोपी आहे आणि म्हणूनच शेवटी ठेवली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या आवृत्तीत क्लेरिकसाठी ज्ञान, जीवन, प्रकाश, निसर्ग, वादळ, छळकपट आणि युद्ध अशी सात मूळ डोमेन, म्हणजे देवाच्या शक्तीची क्षेत्रे, आहेत. प्रत्येक देवतेला दोन डोमेन द्यावीत, शक्यतो एकमेकांशी ताण असलेली. ओसराईला वादळ आणि जीवन. हिवाईला जीवन आणि ज्ञान, कारण तापात माणसे खरे बोलतात. सहस्रदीपाला प्रकाश आणि युद्ध. मग क्लेरिकच्या खेळाडूला एक पाळायचा नियम आणि एक मनाई द्यावी. ओसराईचा भक्त भरतीच्या वेळी कोणाचेही देणे फेडत नाही आणि बुडणाऱ्याला हात देण्याआधी मूठभर मीठ पाण्यात टाकतो. मीठ नसले तर काय करायचे, हे त्याने स्वतः ठरवावे.

देव खरोखर आहेत का, हा प्रश्न जादू असलेल्या जगातही उघडा ठेवता येतो. क्लेरिकच्या हातून जखम भरते हे सगळे पाहतात. ती ओसराईने भरली, सहस्रदीपाने बहिणीच्या नावाने भरली, की भक्ताच्या निष्ठेनेच भरली, यावर त्या जगातले विद्वान भांडत राहू शकतात. तुम्ही मनाशी एक उत्तर धरून ठेवा म्हणजे तुमच्या निर्णयांत मेळ राहील, पण ते कागदावर लिहू नका.

पहिल्या सेशनला काय घेऊन बसावे

एक पान पुरे आहे. त्यावर गावाचे नाव, तीन देवता, प्रत्येकीचे मागणे, देणे आणि कोप, तिच्या वतीने बोलणारे माणूस आणि त्या माणसाची एक खाजगी अडचण, येऊ घातलेला सण, आणि त्या देवतांविषयी एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन कथा. खेळाडूंना मात्र हे पान देऊ नये. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : तुझ्या पात्राने लहानपणी कोणत्या देवाला काय कबूल केले होते, आणि ते दिले का? मिळणारी उत्तरे त्याच पानाच्या मागे लिहून घ्यावीत, कारण पुढच्या सहा महिन्यांच्या कथेचे बी तिथेच पडलेले असते.

मग हंगामातल्या पहिल्या मिठाच्या दिवसापासून सुरुवात करावी. वाफ्यावर पांढरी साय धरली आहे, राजधानीचा कारकून तागडी घेऊन बांधावर उभा आहे, ओहोटी लागायला अर्धा तास उरला आहे, आणि एक म्हातारी खेळाडूंपैकी सगळ्यांत लहान दिसणाऱ्याच्या हातात झाकलेले टोपले देऊन म्हणते, "होडीत बस, पोरा. मुखापाशी गेलास की सोड. मागं वळून बघू नकोस."